विलीनीकरणाने बँकांचे एनपीए (थकलेली कर्जं) खरंच कमी झाले का?

ताळेबंद: 2017च्या सुरुवातीला 27 सरकारी बँका होत्या, 1 एप्रिल 2020ला 12 उरल्या. आता पुन्हा विलीनीकरणाची चर्चा सुरू झाली की 'त्यामुळेच एनपीए घटले' हे हटकून ऐकवलं जातं. मला पटत नाही. मार्च 2018ला देना बँकेचं ढोबळ एनपीए एकूण कर्जांच्या 22 टक्के होतं, विजया बँकेचं 6च्या आसपास. 2019मध्ये दोन्ही बँक ऑफ बडोदात घातल्या. कर्जबुडवे तेच, थकबाकी तीच, फक्त छेद मोठा झाला. आणि विजयाने काय घोडं मारलं होतं?

रोखठोक: देनाला रिझर्व्ह बँकेने मे 2018मध्ये नवीन कर्ज द्यायलाच मनाई केली होती. अशा बँकेच्या ग्राहकाने किती वर्षं थांबायचं? मोठ्या बँकेत गेल्यावर निदान त्याचा कर्जाचा अर्ज तरी कुणी हातात घेतो.

ताळेबंद: मग महाबँकेचं (बँक ऑफ महाराष्ट्र) काय? मार्च 2018ला 19 टक्क्यांच्या वर, शिवाय पीसीएचे (कमकुवत बँकांवर रिझर्व्ह बँक घालते ते) निर्बंध. कुणात विलीन केली नाही. जानेवारी 2019ला निर्बंध उठले, मार्च 2025ला ढोबळ एनपीए 1.74 टक्के!

रोखठोक: आणि सरकारने ओतलेलं भांडवल? ते तुमच्या-आमच्या करातूनच आलं ना. शिवाय निर्लेखित केलेलं (हिशेबातून काढून टाकलेलं) कर्जही एनपीएच्या आकड्यातून जातं, वसूल होवो न होवो.

ताळेबंद: अहो, मी तेच म्हणतोय! भांडवल, निर्लेखन, थोडीफार दिवाळखोरी कायद्याची वसुली. यात विलीनीकरण कुठे आलं?

निवृत्त शाखाधिकारी: आमची बँक 2020मध्ये दुसरीत गेली. संगणक प्रणाली एकच, म्हणून सगळं सोपं जाईल म्हणाले. एकाच रस्त्यावरच्या दोन शाखांपैकी आमची बंद झाली. एका थकीत खात्याचं गहाणखत जुन्या शाखेच्या कपाटात, खातं नव्या शाखेत. तो लिफाफा सापडेपर्यंत कर्जदार निवांत. त्याला, त्याच्या जामीनदाराला चेहऱ्याने ओळखणारा आमचा फील्ड ऑफिसर तोवर परराज्यात.

रोखठोक: साहेब, बदल्या आधीही होत्याच की. आणि त्या ओळखीपाळखीतूनच अर्धी कर्जं वाटली गेली, तेव्हा कुठे होते फील्ड ऑफिसर?

निवृत्त शाखाधिकारी: शे-दोनशे कोटींची कर्जं शाखेत मंजूर होत नसतात, मुख्यालयात होतात. रिझर्व्ह बँकेने 2015मध्ये बँकांच्या कर्जांची मालमत्ता तपासणी केली, रघुराम राजन गव्हर्नर असताना, त्यात उघड्या पडल्या त्या बव्हंशी पोलाद, वीज, रस्त्यांच्या फायली. आमच्या शाखेतल्या पीककर्जाच्या नव्हेत.