चर्चा: वाळूच्या टेकड्या मोडून आपण समुद्राला वाट करून देतोय का?

मांद्रेची सून
गेल्या मे महिन्यात गोव्यात, मांद्रेला सासरी सकाळचा चहा फुटला. दूध नासकं असेल म्हणून दुसरी पिशवी फोडली, तोही फुटला. मग सासूबाईंनी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि काही न बोलता कळशी तिथेच पालथी घातली. पन्नास वर्षं त्या ज्या विहिरीचं पाणी प्यायल्या, ते मचूळ झालं होतं.

आमच्या घरामध्ये आणि समुद्रामध्ये पूर्वी वाळूची टेकडी होती, दोन पुरुष उंच. अंगावर जांभळ्या फुलांची मर्यादवेल, कडेला केवड्याचं बन. ती जेसीबीने सपाट केली. आता तिथे कॉटेजेस आणि पोहण्याचा तलाव आहे.

पावसाळ्यात लाटा पुळणीवरची, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूपट्ट्यावरची, वाळू आत ओढून नेतात आणि गणपतीनंतर हळूहळू परत आणून टाकतात. वारा ती वर चढवतो, मर्यादवेल धरून ठेवते. टेकडी म्हणजे किनाऱ्याची कणगी. ती रिकामी केल्यावर वादळाच्या वर्षी काढणार काय? 1901 ते 2018 या काळात जगातल्या समुद्राची पातळी सरासरी 20 सेंटीमीटर वाढली, आणि 2006 नंतर ती वर्षाला सुमारे 3.7 मिलिमीटरने चढते आहे. 1981 मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांना भरतीरेषेपासून 500 मीटर मोकळे ठेवायला लिहिलं होतं. 1991च्या सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारी बांधकामांच्या नियमांमध्ये, ग्रामीण किनाऱ्यावर 200 मीटर ठरले, 2019मध्ये दाट वस्तीच्या गावांना 50. पाणी वर येतंय आणि आपण रेघ पाण्याकडे सरकवतोय.

माझं स्पष्ट मत: टेकडीवर यापुढे काहीही नको. पक्कं बांधकाम नको आणि बांबू-चुडतांचं हंगामी खानावळ, म्हणजे शॅकही नको.

शॅकवाला पेडणे
ताई, राग मानू नका, पण पक्क्या बांधकामांचं पाप आमच्या माथी कशाला? तुमची विहीर मचूळ झाली ती बहुधा शेजारच्या बोअरवेलींमुळे. तलाव भरायला, हिरवळ शिंपायला रात्रंदिवस उपसा चालतो. गोडं पाणी खाली गेलं की खारं आत येणारच. समुद्राला 20 सेंटीमीटर चढायला शंभराहून जास्त वर्षं लागली, तुमची टेकडी जेसीबीने किती दिवसांत नेली?

कांदोळीच्या किनाऱ्याचं उदाहरण घ्या. रिव्हर प्रिन्सेस जहाज 2000 साली तिथे रुतलं आणि 2012 पर्यंत निघालं नाही. तिथल्या वाळूची जी नासाडी झाली तीही हवामानबदलाच्या खात्यावर टाकायची का? असं केलं की जबाबदार माणसं सुटतात.

आम्ही मे अखेरीस बांबू, चुडतं, फळ्या सगळं काढून घरी नेतो. डिसेंबर 2017मध्ये ओखी वादळाच्या रात्री पाणी टेबलांखालून आत आलं. मी आणि धाकटा भाऊ गुडघाभर पाण्यात फ्रीज उचलून धरून उभे होतो. समुद्राची भीती आम्हाला कुणी शिकवायला नको. पण याच पुळणीवर माझ्या दोन मुलींचं शिक्षण झालंय.

भटका पुणेकर
मी दरवर्षी येतो म्हणून विचारतो. मुंबईत मरीन ड्राइव्हला टेट्रापॉड, म्हणजे काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे टाकलेत, तशी भिंत इथे का नको?

केरीकर
दादा, मरीन ड्राइव्हला तुम्ही पुळणीवर बसता की कठड्यावर? भिंतीवर आपटलेली लाट माघारी जाताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. आमच्या केरीला सुरूची झाडं मुळं उघडी पडून आडवी झाली. दगड टाकून जमीन राखता येते, पुळण राखता येत नाही. आणि पुळण गेली की रापण, म्हणजे मासळीचं मोठं जाळं, ओढायची कुठे, कासवांनी अंडी घालायची कुठे?

खाजनकर दिवाडी
सगळे समुद्राकडे तोंड करून बोलताय. पाणी आमच्याकडे मागच्या दाराने येतं, मांडवी नदीतून.

गोव्यात सुमारे 18 हजार हेक्टर खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली जमीन आहे, मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली. ती शेकडो वर्षं पिकली ती बांध आणि बांधातल्या मानशीमुळे. मानशीचं लाकडी दार भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतं आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतं. पोर्तुगीज यायच्या आधीपासूनची ही विद्या. आता मासळीसाठी दार नको तितका वेळ उघडं ठेवतात, आणि बांधातली खेकड्यांची बिळं बुजवायला माणूस मिळत नाही.

आमच्या बांधाला भगदाड पडलं तेव्हा भात आधी पिवळं पडलं, मग चिखलावर मिठाचा पांढरा थर आला. खारं पाणी सोसणारं कोरगुट जातीचं भातही तिथे तगलं नाही. आता त्या शेतात खारफुटी उगवलीय. कायद्याने ती तोडता येत नाही, आणि तोडावीशी मलाही वाटत नाही, पण शेत गेलं ते गेलं.

म्हणून शॅक हवा की नको, यावर मला भांडायचं नाही. 2024 साली गोव्यात एक कोटीहून अधिक पर्यटक आले, आपण जेमतेम पंधरा लाख. हॉटेलच्या प्रत्येक रात्रीमागे ठरावीक रक्कम बांधांसाठी वेगळी काढा आणि ती गावाच्या हाती द्या. उधाण वर्षागणिक वर चढणार, तर बांधही वर्षागणिक वर चढायला हवा.

मांद्रेची सून
खाजनकरबाब, पैशाचं अगदी पटलं. शॅकवाले दादा, बोअरवेलींचंही मान्य, मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. पण टेकडीचं नाही. तुमचा शॅक मे महिन्यात जातो, पायाखाली गेलेली मर्यादवेल मात्र जूनच्या लाटांआधी परत येत नाही. टेकडी सोडून पुढे पुळणीवर बसा ना!

शॅकवाला पेडणे
बसलो असतो ताई. पण हंगाम सुरू होतो तेव्हा पुळण अरुंद असते, लाटांनी नेलेली वाळू पुरती परतलेली नसते. म्हणूनच आम्ही टेकडीला टेकतो. आमच्या जागेवर यंदा ऑक्टोबर अर्धा सरला तरी भरतीचं पाणी टेकडीच्या पायाला लागत होतं. हंगाम महिनाभर उशिरा सुरू करा, मी खाली बसायला तयार आहे. फक्त परवान्याचे पैसेही महिनाभराचे कमी घ्या, आणि तोच नियम मागच्या कॉटेजवाल्यांनाही लावा.