गिटइग्नोरचं पान नव्याने लिहितेय, सुरुवात कुठून करू?

संत्राबर्फी

नमस्कार मंडळी. परसोडीच्या आयटी पार्काजवळ आमची छोटी कंपनी आहे. पावसाळा लागला की हिंगणा रोडच्या कॉलेजांतली पोरं इंटर्नशिपला येतात आणि त्यांना गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडतं. क्लोन-कमिट (प्रकल्पाची प्रत घेणं, बदल नोंदवणं) होतं कसंबसं. मग कोणीतरी लॅपटॉप उचलून येतंच: "ताई, इग्नोरमध्ये टाकलं ना, तरी फाइल काहून दिसून राहिली?"

गिटने कोणत्या फाइलींकडे दुर्लक्ष करायचं त्याचे पॅटर्न गिटइग्नोर नावाच्या फाइलीत लिहितात. त्यावर विकीवर पान आहे आमच्याकडे. कोणीतरी मॅन्युअलमधले नियम ओळीने मराठीत उतरवून ठेवलेत: रिकामी ओळ, हॅश, उद्गारचिन्ह, स्टार. चुकीचं काहीच नाही त्यात. पण पोरगं त्या पानावर हॅशचा अर्थ विचारायला येत नाही, फाइल दिसतेय म्हणून वैतागून येतं. त्याला हवं ते उत्तर पार खाली.

मूळ मॅन्युअलचीही हीच तऱ्हा आहे. 'गिट हेल्प गिटइग्नोर' उघडून बघा. आधीच ट्रॅक होत असलेल्या (म्हणजे गिट ज्यांची नोंद ठेवतंय अशा) फाइलींवर या पॅटर्नचा परिणाम होत नाही, हे पहिल्याच परिच्छेदात सांगितलंय, त्याबद्दल लिहिणाऱ्याला पैकीच्या पैकी. पण मग करायचं काय? तर खालच्या टिपा बघा. त्या टिपा पॅटर्नचे सगळे नियम ओलांडल्यावर येतात. आणि कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीने फाइल अडवली हे सांगणारी 'गिट चेक-इग्नोर' ही कमांड तर शेवटच्या 'हेही पाहा' यादीत पडून आहे. दुखणं दारात सांगितलं, औषध माळ्यावर.

म्हणून मी पान तक्रारींप्रमाणे लावतेय. "टाकलं तरी दिसते", "नको ती फाइलही गायब झाली", "उद्गारचिन्ह लावलं तरी परत येत नाही", "माझ्या एडिटरचं फोल्डर सगळ्यांच्या इग्नोरमध्ये कशाला". शेवटच्याचं उत्तर दोन ओळींचं: फक्त तुमच्या मशीनपुरतं असेल तर एकाच रेपोसाठी (गिटमधल्या प्रकल्पासाठी) त्याच्या आतल्या .गिट/इन्फो/एक्सक्लूडमध्ये टाका, तुमच्या सगळ्या रेपोंसाठी कोअर.एक्सक्लूड्सफाइल या सेटिंगने दिलेल्या फाइलमध्ये.

उद्गारचिन्हाचा भाग असा लिहिलाय (नावं इथे देवनागरीत देतेय, तुम्ही समजून घ्या):

```
अपलोड्स/
!अपलोड्स/नमुना.सीएसव्ही
```

हे चालत नाही. पहिल्या ओळीने अख्खं फोल्डर बाद झालं की वेग राखण्यासाठी गिट त्याच्या आत डोकावतच नाही, मग दुसरी ओळ कोणासाठी? चेक-इग्नोरला -व्ही लावून विचारलं तर ते सरळ सांगतं:

```
.गिटइग्नोर:१:अपलोड्स/    अपलोड्स/नमुना.सीएसव्ही
```

पहिली ओळ दोषी. ती 'अपलोड्स/*' अशी करा. आता फोल्डर बाद नाही, फक्त आतला माल बाद, आणि नमुना परत येतो. शेवटी जुळलेली ओळ खरी, हा नियम इथेच सांगून टाकते. वेगळा सांगितला की कोणी वाचत नाही.

अडलंय ते स्लॅशपाशी. शेवटचा स्लॅश, सुरुवातीचा स्लॅश आणि मधला स्लॅश: शेवटच्याचं काम वेगळं, बाकी दोघांचं एकच. मॅन्युअलचं वाक्य दहादा वाचून मला समजतं, पोरांना समजत नाही. तुम्ही कसं शिकवता? आणि हे सगळं मूळ मॅन्युअलमध्ये सुचवता येईल का, की तिथे आपल्यासारख्यांना कोणी विचारत नाही?

बर्डीचा_भाऊ

ताई, वाक्य सोडा, झाड दाखवा. मी नव्या पोरांना हे तीन फोल्डर बनवायला लावतो:

```
सर्व्हर/लॉग्ज/
मोबाइल/लॉग्ज/
अहवाल/सर्व्हर/लॉग्ज/
```

मग मुळातल्या (सगळ्यात वरच्या फोल्डरातल्या) गिटइग्नोरमध्ये एकेक पॅटर्न.

'लॉग्ज/' लिहिलं की तिन्ही जातात. शेवटचा स्लॅश एवढंच म्हणतो की फोल्डर असेल तरच धर. कुठे धरायचं याच्याशी त्याचा संबंध नाही.
'सर्व्हर/लॉग्ज/' लिहिलं की फक्त पहिलं जातं. मधे स्लॅश आला आणि पॅटर्न जागेला बांधला गेला. पोरांना वाटतं तिसरंही जाईल, इथेच सगळे आपटतात.
'/लॉग्ज/' लिहिलं तर एकही नाही, कारण मुळाशी लॉग्ज नावाचं काही नाहीच.
'**/सर्व्हर/लॉग्ज/' ने पहिलं आणि तिसरं.

आणखी एक. बांधला म्हणजे कशाला बांधला? रेपोच्या मुळाला नाही, तर ते गिटइग्नोर ज्या फोल्डरात आहे त्याला. नागपूरकराला वाटतं सगळी अंतरं झीरो माइलपासून मोजायची; इथे प्रत्येकाने आपापल्या फाटकापासून मोजायचं.

तुमच्याकडे डॉकर (ॲप डब्यात बांधून चालवायचं साधन) असेल तर एक वेगळी चौकट टाका. डॉकरइग्नोर दिसायला तसंच, पण तिथे साधं '*.लॉग' फक्त मुळाशी चालतं, खोलवरच्यासाठी '**/*.लॉग' लागतं. आमच्याकडची अर्धी भांडणं एकाचा पॅटर्न दुसऱ्यात चिकटवल्यामुळे.

रामनगर७७

"टाकलं तरी दिसते" खाली 'गिट आरएम --कॅश्ड' लिहिणार असाल तर पुढचंही लिहा, बरेच जण तिथेच थांबतात. त्या कमांडने तुमच्या डिस्कवरची फाइल राहते, ट्रॅकिंग सुटतं. पण ते कमिट दुसऱ्याने पुल केलं (आपल्याकडे ओढून घेतलं) की त्याच्या डिस्कवरून फाइल उडते. गिटच्या हिशेबी ती डिलीटच आहे ना. टीममध्ये कॉन्फिगची फाइल अशी काढायची तर आधी ग्रुपवर सांगायचं, सगळ्यांना कॉपी करून ठेवायला लावायचं, मग पुश (बदल सर्व्हरवर चढवणं).

दुसरं, पासवर्ड असलेली फाइल कमिट झाली असेल तर इग्नोर करून काही होत नाही, ती इतिहासात बसलेली आहे. पुश झाली असेल तर पासवर्ड बदला. आधी बदला, बाकी सगळं नंतर.

आणि कोणी 'अझ्यूम-अनचेंज्ड' (फाइल बदललीच नाही असं समज, असं गिटला सांगणं) सुचवलं तर ऐकू नका. ट्रॅक होणाऱ्या फाइलमधले बदल दुर्लक्षित करायची सोय गिटमध्ये नाही, हे गिटच्याच प्रश्नोत्तरांच्या पानावर लिहिलंय.

कोरा_टर्मिनल

विंडोजवाल्यांसाठी दोन ओळी टाका प्लीज. नोटपॅडमधून सेव्ह करताना मागे .टीएक्सटी चिकटतं. आणि जुन्या पॉवरशेलमध्ये 'एको' करून फाइल बनवली तर ती यूटीएफ-१६ (अक्षरं साठवायची वेगळी पद्धत) होते, गिटला त्यातलं काही कळत नाही. डोळ्यांना फाइल अगदी बरोबर दिसते, म्हणून जास्त डोकं खाते.

तसंच '*.लॉग # सर्व्हरचे' अशी टीप त्याच ओळीत चालत नाही. हॅश ओळीच्या सुरुवातीलाच हवा, नाहीतर सगळी ओळच पॅटर्न होते.

वार्ड_डेटा

मी मतदारयाद्या-सर्व्हे असल्या डेटावर काम करतो, आमच्या फाइलींची नावंच मराठी. दोन गोष्टी कोणत्याच पानावर ठळक सापडत नाहीत.

एक, 'गिट स्टेटस'मध्ये नावाच्या जागी \३४०\२४४ असले आकडे येतात (खरे इंग्रजी आकड्यांत). पोरं घाबरतात, फाइल बिघडली म्हणतात. बिघडत काही नाही, 'कोअर.कोटपाथ' फॉल्स करा, नावं सरळ दिसतात.

दोन, प्रश्नचिन्ह. मॅन्युअल म्हणतं ते स्लॅश सोडून कुठल्याही एका अक्षराला जुळतं. आमची फाइल 'यादी-४.सीएसव्ही', आकडा मराठी. पॅटर्न 'यादी-?.सीएसव्ही'. जुळत नाही! गिट बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८ मध्ये मराठी ४ म्हणजे तीन बाइट. तीन प्रश्नचिन्हं टाका, जुळतं. आम्ही सरळ स्टार वापरतो. इंग्रजी ४ असता तर कोणाला पत्ताही लागला नसता.

ताई, मॅन्युअलला सुचवायचं तर हे सुचवा. बाकीचं मांडणीचं आहे, त्यावर वाद होईल. हे एका वाक्याचं काम आहे.

रामनगर७७

सुचवता येतं, विचारतातही. मॅन्युअलचा मजकूर गिटच्या स्वतःच्या रेपोत डॉक्युमेंटेशन फोल्डरात आहे, आस्कीडॉकमध्ये (साध्या मजकुरातच मांडणी लिहायची पद्धत). बदल पॅच (काय बदललं तेवढाच तुकडा) म्हणून मेलिंग लिस्टवर जातो. मेलची भानगड नको असेल तर गिटगिटगॅजेट आहे, गिटहबवर पुल रिक्वेस्ट टाकली की ते पॅच करून लिस्टवर पाठवतं. साइन्ड-ऑफ-बायची ओळ (हा बदल द्यायचा मला हक्क आहे अशी सही) हवीच. आणि एका पॅचमध्ये एकच गोष्ट. अख्ख्या पानाची फेरमांडणी एकदम पाठवली तर त्यावर चर्चाच होत राहील.

संत्राबर्फी

झक्कास. भाऊ, तुमचं तीन लॉग्जचं झाड जसंच्या तसं घेतेय, फक्त कोणत्या पॅटर्नने काय गेलं हे झाकून ठेवीन, पोरांनी आधी अंदाज करायचा आणि मग चेक-इग्नोरने पडताळायचा. आरएम --कॅश्डचा इशारा कमांडच्या *वर* जाईल, कारण कमांड दिसली की माणूस कॉपी करून मोकळा होतो, खालचं वाचत नाही.

प्रश्नचिन्हाचा पॅच मी पाठवते. वाक्य "अक्षर" ऐवजी "बाइट" एवढंच करावं की शेजारी एक उदाहरणही द्यावं? मला उदाहरण हवंय, पण तिथल्या वाचणाऱ्याला मराठी ४ दिसेल की चौकोन, कोणास ठाऊक.

वार्ड_डेटा

उदाहरणात फ्रेंचमधला डोक्यावर तिरकी रेघ असलेला 'ए' (é) घ्या ना, दोन बाइटचा असतो, सगळीकडे दिसतो. मराठी ४ कमिट मेसेजमध्ये घाला, अडचण कुठून आली ते तिथेच सांगायचं असतं.