मदत हवी आहे: तळ्याच्या पाण्याला रंग नक्की कशाने येतो?

नमस्कार मंडळी, मी साताऱ्याचा. पोरगी आठवीत आहे, सायन्स प्रोजेक्टला तिनं पाण्याचा रंग हा विषय घेतलाय, म्हणजे काम आलं आमच्याच गळ्यात. थंडीत तापोळ्याला गेलं की शिवसागर जलाशय निळाशार दिसतो, तेच पाणी ओंजळीत घेतलं तर रंगच नाही. पावसाळ्यात डोंगरावरून येणारं पाणी तांबडं, आणि गावाकडचं तळं उन्हाळ्यात हिरवंगार. घरात सगळे म्हणतात आभाळाचं प्रतिबिंब, पण मला ते पटत नाही कारण आभाळ निळं असलं तरी गढूळ पाणी गढूळच दिसतं की राव. नेटवर वाचलं की पाणी लाल रंग शोषतं, मग बाटलीत निळं का दिसत नाही? घरी करता येईल असा प्रयोग सांगा, थर्माकोलचं मॉडेल नकोय.

प्रतिसाद १
सांगलीहून. दादा, आभाळाचा वाटा असतो पण लांबून तिरकं बघितलं तर जास्त, होडीतून सरळ खाली बघा मग पाण्याचा स्वतःचा रंग कळतो. शुद्ध पाणी खरंच फिकट निळं असतं, पण लाल उजेड इतका हळूहळू शोषला जातो की जाणवायला काही मीटर खोली लागते, बाटलीत कुठलं दिसणार. बाकी तांबडं म्हणजे जांभ्याच्या मातीतलं लोह. हिरवं म्हणजे शेवाळ, शेतातली खतं नाहीतर सांडपाणी आलं की ते फोफावतं. पालापाचोळा कुजला की पाणी चहासारखं होतं, तो रंग विरघळलेला असतो. लोणार तर जून 2020 मध्ये चक्क गुलाबी झालं होतं, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे.

प्रयोग सोपाय. तिन्ही ठिकाणचं पाणी काचेच्या बाटल्यांत रात्रभर हलवू नका, जाड माती खाली बसेल. वरचं पाणी फिल्टर पेपरमधून गाळा, शेवाळ असेल तर कागद हिरवा होईल. गाळूनही पिवळट राहिलं तर रंग विरघळलेला, नाहीतर अगदी बारीक चिकणमाती. शिवाय 20 सेंमीची पांढरी-काळी तबकडी दोरीला बांधून सोडा, दिसेनाशी होते ती खोली लिहा, त्यावरून पाणी किती गढूळ ते कळतं. इटलीच्या सेकी नावाच्या शास्त्रज्ञानं 1865 मध्ये यासाठी पांढरी तबकडी वापरली होती, ही पद्धत अजून वापरतात. पोरीला एकटीला काठावर पाठवू नका मात्र.

धागाकर्ता
लय भारी, तबकडी तर जुन्या ताटाचीच करतो. फिल्टर पेपर राजवाड्याजवळ कुठे मिळेल का, की कॉफीचा चालेल?

प्रतिसाद १
कॉफीचा चालतोय, फक्त दुहेरी घ्या, बारीक शेवाळ सुटतं त्यातनं.