एच-१बीचे नवे नियम: दावण तीच, फक्त तिचा भाव वाढला

नीराकाठ

२०२५च्या सप्टेंबरमधला तो शनिवार माझ्या डोक्यातून जात नाही. शुक्रवारी, १९ तारखेला संध्याकाळी ट्रम्प यांची सही झाली आणि एच-१बीच्या, म्हणजे बाहेरच्या कुशल माणसाला अमेरिकेत नोकरीसाठी मिळणाऱ्या व्हिसाच्या, अर्जामागे एक लाख डॉलर भरायचा आदेश निघाला. अंमल २१ तारखेपासून, म्हणजे भारतातल्या रविवारी सकाळी साडेनऊपासून. माझ्या टीममधला एक मुलगा साताऱ्याला घरी गेला होता. रविवारी सर्वपित्री, वडिलांना जाऊन वर्ष झालेलं. वकिलांची मेल आली की असाल तिथून निघा. आईला पानं वाढायला एकटीला सोडून तो मुंबईला आला. विमानतळावर रांगेत असताना मध्यरात्रीनंतर खुलासा झाला: रक्कम दरवर्षी नाही, एकदाच, फक्त नव्या अर्जांना, ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना नाही. आदल्या दिवशी वाणिज्यमंत्री लटनिक दरवर्षी म्हणाले होते.

त्या एक लाखावर भरपूर बोलून झालंय. चेंबर ऑफ कॉमर्स ही अमेरिकेतल्या उद्योगांची संघटना कोर्टात गेली, डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने आदेश कायम ठेवला. मला बोलायचंय ते दुसऱ्या बदलाबद्दल, जो मार्च २०२६च्या नोंदणीपासून लागू होतोय आणि ज्याची घराघरांत नीट माहिती नाही.

वर्षाच्या जागा तेवढ्याच आहेत, ६५ हजार आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी वर २० हजार. मागणारे त्याहून जास्त, म्हणून लॉटरी. आतापर्यंत लॉटरीत प्रत्येकाची एक चिठ्ठी असायची. आता पगाराच्या चार पातळ्यांप्रमाणे चिठ्ठ्या: पहिलीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार. गृहसुरक्षा खात्याच्या स्वतःच्या अंदाजाने पहिल्या पातळीवाल्याचा नंबर लागण्याची शक्यता १५ टक्क्यांच्या आसपास येते, चौथीवाल्याची ६१ वर जाते.

ऐकायला रास्त वाटतं, जास्त कौशल्य त्याला जास्त संधी. पण पातळी कौशल्य मोजत नाही. त्या भागात, त्या कामाला लोकांना जो पगार मिळतो, त्यात तुमचा पगार कुठे बसतो एवढंच ती सांगते. कालच मास्टर्स झालेला, बुद्धीने लखलखीत मुलगा नवा असल्यामुळे पहिल्या-दुसऱ्या पातळीत पडतो. पंधरा वर्षं एकच जुनी सिस्टीम सांभाळणारा चौथीत जातो. मी दोघांबरोबर काम केलंय.

आणि मूळ दुखण्याला कुणी हातच लावलेला नाही. हा व्हिसा माणसाचा नसतो, मालकाचा असतो. अर्ज मालक करतो, नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात दुसरा मालक शोधा, नाहीतर पोरांची शाळा, घराचं लीज, गाडी सगळं गुंडाळून निघा. माणूस दावणीला बांधलेला असला की त्याच्याकडून स्वस्तात आणि जास्त काम करून घेता येतं, आणि इथल्या माणसाचा पगार पडतो तो त्यामुळे. नियम बदलायचाच होता, तर दावण सोडायला हवी होती.

खानदेशी_कोडर

नीराकाठ, तुमच्याशी अजिबात सहमत नाही, आणि माझं म्हणणं मी अंगावर झेललेलं आहे.

२०१४ला मी एका कन्सल्टन्सीमार्फत आलो, म्हणजे माणसं आणून दुसऱ्या कंपन्यांना कामाला देणाऱ्या कंपनीमार्फत. नाव घेत नाही. अर्जाची फी मालकाने भरायची असते, कायदाच आहे. मी ती जळगावात रोख मोजली. आल्यावर क्लायंट नाही. काम नसलं तरी पगार द्यावा लागतो, हाही कायदाच. मी तीन महिने बेंचवर बसलो, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एका खोलीत पाच जण, पगार शून्य. माझ्या बायोडेटात सात वर्षांचा अनुभव लिहिलेला होता, खरा होता दोन वर्षांचा. तक्रार कुणाकडे करणार? तक्रार केली तर व्हिसा जाईल हीच भीती.

या कंपन्या जगतात कशावर? लॉटरीत चिठ्ठीची किंमत शून्य असण्यावर. २०२३ सालची लॉटरी आठवा. नोंदणी फी दहा डॉलर, पात्र नोंदण्या ७ लाख ५८ हजारांवर, आणि त्यातल्या ४ लाखांहून जास्त एकाच माणसासाठी अनेक मालकांनी केलेल्या. माझ्या ओळखीत एकाच्या नावावर सहा होत्या. प्रामाणिक मुलाची एक. पुढच्या वर्षी नियम आला की निवड पासपोर्टनुसार, एक माणूस एक चिठ्ठी. आकडा ४ लाख ७० हजारांवर आला. त्याच्या पुढच्या वर्षी फी २१५ डॉलर झाली, आकडा ३ लाख ४४ हजार. नियम बदलला की लबाडी कमी होते, हे आकड्यांतच दिसतं. पगाराचं वजन ही त्याच रस्त्यावरची पुढची पायरी आहे. स्वस्त माणूस आणून महाग विकणाऱ्याला आता किंमत मोजावी लागेल. मला कुणी २०१४ला विचारलं असतं की असा नियम आला तर तुझा नंबर लागणार नाही, चालेल का, तर मी आज शपथेवर हो म्हणतो. त्या तीन महिन्यांपेक्षा जळगाव बरं होतं.

आणि दावणीबद्दल: २००० सालापासून नवीन मालकाने अर्ज दाखल केला की त्याच दिवशी तिकडे कामाला लागता येतं. मीही तसाच सुटलो.

नीराकाठ

तुमच्यावर जे गुजरलं त्याला उत्तर नाही. एका खोलीत पाच जण मीही पाहिलेत.

पण सुटलात कसे, ते पाहा. दुसरा मालक मिळाला म्हणून सुटलात. न मिळता तर? आणि ग्रीन कार्डची फाइल चालू झाल्यावर हीच उडी पुन्हा मारून पाहा. नव्या कंपनीत कामगार खात्याची सगळी प्रक्रिया पहिल्यापासून. रांगेतली तारीख टिकते, मान्य, पण आय-१४०, म्हणजे मालकाने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज, मंजूर झालेला असेल तरच. एका देशाला साधारण ७ टक्क्यांहून जास्त ग्रीन कार्डं नाहीत, त्यामुळे भारतीयांची ईबी-२ची, म्हणजे उच्चशिक्षितांच्या गटाची रांग २०२६च्या सुरुवातीला २०१३च्या आसपास अडकलेली होती. २०१३ला अर्ज केलेला माणूस आज पन्नाशीला आलाय आणि अजून प्रमोशन घेताना घाबरतो, हुद्दा बदलला तर फाइल बिघडेल म्हणून. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये तो बसतो.

तुमच्या त्या कन्सल्टन्सीला शिक्षा व्हायलाच हवी. तपास करा, दंड करा, परवाना काढून घ्या. तिच्या पापासाठी २४ वर्षांच्या मुलाच्या चिठ्ठ्या का कमी करायच्या?

अंबाबाईचा_सदा

मी १९९९ला आलो. सगळीकडे वायटूकेची, म्हणजे २००० साल लागताच कॉम्प्युटर बिघडतील या भीतीची धावपळ होती. आता नागरिक आहे, वय ५४. काही वर्षांपूर्वी माझं अख्खं डिपार्टमेंट आउटसोर्स झालं. शेवटचे दोन महिने माझ्या जागी आलेल्या मुलाला काम शिकवायचं, तरच सेव्हरन्स, म्हणजे नोकरी जाताना मिळणारे पैसे. मुलगा आपलाच, इचलकरंजीचा. गुणी होता. रोज दुपारी माझ्यासमोर डबा उघडताना त्याची मान खाली असायची, आणि माझीही. पुढे नऊ महिने मी घरी होतो.

म्हणून विनंती आहे, हा प्रश्न फक्त ‘आपल्या मुलांचं काय’ असा मांडू नका. जास्त एच-१बी माणसं ठेवणाऱ्या कंपन्यांना इथल्या माणसाला काढणार नाही अशी हमी द्यावी लागते. पण एच-१बीवाल्याला वर्षाला ६० हजार डॉलर दिले की त्याच्यापुरती ती अट सुटते. हा आकडा १९९८चा आहे. तेव्हापासून तो तसाच ठेवलाय. ज्यांना दावण सोडवायचीय त्यांनी आधी या आकड्याकडे बघावं. पगाराचं वजन आलं तर निदान स्वस्तातली अदलाबदल महाग पडेल. मी या नियमाच्या बाजूने आहे.

खानदेशी_कोडर

सदाभाऊ, १००% सहमत. ६० हजारांची गोष्ट सगळ्यांनी दोनदा वाचावी.

शेवंती_आयोवा

इथे सगळे सॉफ्टवेअरबद्दल बोलताय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आयोवातल्या एका छोट्या गावच्या हॉस्पिटलमध्ये. सर्वात जवळचं मोठं शहर दीड तासावर. दोन वर्षं आमची एक जागा रिकामी आहे, जाहिरात देऊन देऊन थकलो. शेवटी नाशिकची एक मुलगी मिळाली, परीक्षा पास, लायसन्स तयार. सप्टेंबरनंतर फाइल बंद झाली. कारण ती भारतात आहे, आणि बाहेरून येणाऱ्या नव्या माणसामागे एक लाख. आमचं हॉस्पिटल तिला वर्षभरात जेवढा पगार देणार होतं, त्याहून ही रक्कम जास्त आहे.

विद्यापीठं आणि त्यांच्याशी जोडलेली हॉस्पिटलं लॉटरीतून मोकळी आहेत, एवढंच लोकांना माहीत असतं. या एक लाखातून तीही मोकळी नाहीत. राष्ट्रहिताचं कारण दाखवून सूट मागता येते, पण आमच्यासारख्या ठिकाणी तो अर्ज लिहायला वकील कोण ठेवणार? गुडघा बदललेले म्हातारे शेतकरी वाट बघत बसलेत. त्यांनी कुणाची नोकरी वाचवली, सदाभाऊ? मी रागाने विचारत नाही, खरंच विचारतेय.

अंबाबाईचा_सदा

शेवंती, तुमच्या गावाबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. वैद्यकीय कामाला सरसकट सूट असायला हवी होती. मी पगाराच्या वजनाच्या बाजूने आहे, एक लाखाच्या नाही. दोन्ही वेगळे बदल आहेत, वेगळंच बोललं पाहिजे.

हिंजवडी_फेज_तीन

पुण्यातून लिहितोय. मला हा सगळा वाद जुन्या काळातला वाटतो. तिकडे माणूस नेणं महाग झालं की काम इकडे येतं. भारतात परदेशी कंपन्यांची स्वतःची २०२४लाच १७०० हून जास्त केंद्रं होती, १९ लाख लोक तिथे काम करत होते, आणि ती आता नुसता सपोर्ट करत नाहीत, प्रॉडक्ट बनवतात. माझ्या टीमचा आर्किटेक्ट खराडीत बसतो, त्याचा बॉस डॅलसमध्ये. हुशार पोरं इथेच राहिली तर वाईट काय? नियम कडक झाले तर मला आनंदच आहे.

लातूरचे_बाबा

हिंजवडीवाले साहेब, तुमचं बरोबर असेल. पण माझा मुलगा आधीच गेलाय.

मी झेडपी शाळेत शिक्षक होतो, निवृत्त झालो. मुलाने टेक्सासमध्ये मास्टर्स केलं. ४२ लाखांचं कर्ज, घर तारण, व्याज साडेदहा टक्के. तो ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, नोकरी करतो, पहिली लॉटरी गेली, मार्चमध्ये दुसरी. इथे लोक पातळी पातळी म्हणतात, त्याची पहिली आहे असं तो म्हणाला. फोनवर हसत होता, पण मी त्याचा बाप आहे. मला एवढंच सांगा, त्याच्या कंपनीला एक लाख डॉलर भरावे लागतील का? आणि वाट बघावी की परत ये म्हणावं? नियम न्यायाचा की अन्यायाचा, ते मला ठरवता येत नाही. फक्त तो गेला तेव्हा नियम वेगळा होता. खेळ सुरू झाल्यावर पट बदलला, एवढं कळतं.

नीराकाठ

बाबा, आधी पहिल्या प्रश्नाचं. तो अमेरिकेत आहे आणि इथे राहूनच विद्यार्थी व्हिसावरून बदल करून घेणार असेल, तर एक लाख लागत नाहीत. ऑक्टोबरमध्ये इमिग्रेशन खात्याने तसं लेखी स्पष्ट केलंय. फक्त अर्ज चालू असताना त्याने देश सोडू नये. लग्नकार्य असलं तरी. हे मी जड मनाने लिहितेय.

तुमचं शेवटचं वाक्य या धाग्यात मला मांडता आलं नव्हतं. ज्यांनी जुन्या नियमावर विसंबून घर तारण ठेवलं, त्यांना निदान तीन वर्षं जुन्या नियमात राहू द्यायला हवं होतं. खानदेशी, यावर तुमचं काय म्हणणं आहे?

खानदेशी_कोडर

नियम चांगला आहे हे माझं मत कायम आहे. पण काकांच्या मुलासारख्यांना सवलतीचा काळ द्यायला हवा होता, हे मला नाकारता येत नाही.

काका, मुलाला आजच सांगा. एचआरकडून दोन गोष्टी लेखी मागून घे: तुझ्या कामाचा एसओसी कोड, म्हणजे कामाच्या प्रकाराचा सरकारी नंबर, कुठला टाकणार, आणि कामाचं ठिकाण कुठलं दाखवणार. प्रत्येक कोडचे आणि प्रत्येक भागाचे चारही पातळ्यांचे पगार कामगार खात्याच्या साइटवर फुकट बघता येतात. माझ्या मित्राच्या मुलीचा पगार दुसऱ्या पातळीपेक्षा जेमतेम दोन हजार डॉलरने कमी निघाला. तिने मॅनेजरला तो तक्ता दाखवला, कंपनीने पगार वाढवला. एकाच्या दोन चिठ्ठ्या झाल्या. बऱ्याच मॅनेजरांना हे माहीतच नसतं.

मात्र पगार खरा वाढला पाहिजे. कागदावर वाढवून दाखव, फरक रोखीने परत दे, असं सांगणारे भेटतील. मला भेटले होते. कुणी फी तुझ्याकडून मागितली तर नाही म्हणायचं. आणि दुसऱ्या कुठल्या कन्सल्टन्सीकडून आणखी एक नोंदणी करून घेऊ नकोस. दोन मालकांनी नोंदणी केली तर दोघांतली खालची पातळी धरतात.

नीराकाठ

शेवटचा मुद्दा मला माहीत नव्हता. आमच्याकडे या वर्षी तीन मुलं आहेत आणि कंपनी दोघांसाठीच अर्ज करायला तयार आहे. तिसरी पहिल्या पातळीत बसते म्हणून तिचं नाव गळालं होतं. उद्या सकाळी तक्ता घेऊन बसते, तिला किती कमी पडताहेत ते बघते.

लातूरचे_बाबा

मुलाला आता फोन केला. तिकडे पहाटेचे चार वाजलेत, पण तो जागाच होता. कोड लिहून घेतलाय म्हणाला. कामाचं ठिकाण ऑस्टिन दाखवतील, पण घरून काम तो दुसऱ्या काउंटीतून, म्हणजे जिल्ह्यातून, करतो. त्याने काही फरक पडतो का?