प्रतिसाद: नव्या पिस्टनची आरएक्स १००

यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटरसायकलमध्ये नवा पिस्टन बसवल्यावर ती सुरुवातीला कशी चालवावी, यावर वर दिलेला 'पहिले ५०० किलोमीटर ताशी चाळीसच्या पुढे जाऊ नका' हा सल्ला मला अर्धाच पटतो. एकाच संथ वेगात रेटत राहिलं तर पिस्टनवरच्या रिंगा बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) नीट बसत नाहीत. वेग कमी-जास्त करा, थोडा जोर द्या, सोडा. सुरुवातीला इंजिन गरम करून पूर्ण गार होऊ द्या, असं दोन-तीनदा. मग गार इंजिनवरच हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) नट परत टॉर्कने (ठरलेल्या जोराने आवळून) तपासा.

पण खरं काम त्याआधीचं. बोअरिंग करून (आतून कापून मोठा करून) आणलेल्या सिलिंडरच्या पोर्टच्या (भिंतीतल्या छिद्रांच्या) कडांवरून बोट फिरवून बघा. माझ्या पहिल्या बांधणीत त्या धारदार राहिल्या होत्या. रिंग अडकून तुटली, नवा पिस्टन गेला. कडांची धार किंचित मारून घ्या, बोअर गरम पाण्या-साबणाने पांढरं फडकं काळं पडेनासं होईपर्यंत धुवा आणि लगेच ऑइल लावा. ५० मिमी बोअरला रिंगच्या दोन टोकांमधली गॅप साधारण ०.२ मिमी. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. क्रँकचे (पिस्टनला जोडलेल्या फिरत्या दांड्याचे) ऑइल सील जुने असतील तर बदलाच. तिथून हवा ओढली की मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन पकडतो (सिलिंडरमध्ये जाम होतो).

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालवत असाल तर घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून इंजिन ब्रेकिंग करू नका. पेट्रोल थांबलं की ऑइलही थांबतं. मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्या.