लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद: वर्षातून एकच दिवस, की रोज?

नारायणपेठकर
दर ११ डिसेंबरला, २०२१ पासून, पुणे महापालिका पादचारी दिन पाळते. उंबऱ्या गणपती चौक ते गरुड गणपती चौक एवढा लक्ष्मी रस्ता त्या दिवशी वाहनांना बंद असतो. यंदा मी आईला घेऊन गेले होते. आई ७४ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर पादपथ अडलेला होता, एका बाजूला कपडे घातलेले पुतळे आणि दुसऱ्या बाजूला लावलेल्या दुचाक्या, म्हणून ती खाली उतरली. मागून आलेल्या स्कूटरचं हँडल तिच्या पिशवीच्या बंदात अडकलं आणि तिचं मनगट मोडलं. तेव्हापासून साडी हवी असली की "तूच आण, मला नको ती गर्दी" हे ठरलेलं.

परवा ती रस्त्याच्या मधोमध चालत होती. तिने माझा हात धरला नव्हता. एका जुन्या इमारतीसमोर थांबून वर बघत म्हणाली, "अगं, हा लाकडी कठडा अजून आहे!" माहेर शनिवार पेठेत असलेली बाई, पण गेल्या वीस वर्षांत तिला या रस्त्यावर मान वर करायला मिळालेली नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत. माझं म्हणणं असं की एवढा टप्पा रोज सकाळी ११ ते रात्री ९ वाहनांना बंद करावा. रुग्णवाहिका, अग्निशमन आणि तिथे राहणाऱ्यांच्या गाड्या सोडून. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं आहे की चालण्याजोगा पादपथ मिळणं हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मग तो हक्क वर्षातून एकदाच का मिळावा?

गादीवरचा
ताई, आईंच्या हाताचं वाचून वाईट वाटलं. पुतळे पादपथावर ठेवणारे आमच्यातलेच आहेत, ते चूकच आहे. पण रोज बंद करायला माझा ठाम विरोध आहे.

आमचं साड्यांचं दुकान आहे, माझी तिसरी पिढी. आमचा धंदा फिरायला आलेल्या माणसावर चालत नाही, बस्त्यावर चालतो. सासवड, बारामती, नारायणगाव इकडून लग्नघरची बारा-पंधरा माणसं दोन गाड्यांतून येतात. त्यात नवरीची आजी असते, कडेवर पोरं असतात. सकाळी अकराला गादीवर बसतात ते चारला उठतात. उठताना मानपानाच्या साड्या, शालू, धोतरजोड्या, टॉवेल-टोप्या मिळून सहा-सात मोठ्या पिशव्या होतात. त्या घेऊन पंधरा मिनिटं चाला म्हटलं, की पुढच्या वेळी ती मंडळी हमरस्त्यावरच्या मोठ्या दालनात जातील. तिथे दारात पार्किंग असतं. गेलेलं गिऱ्हाईक परत आणता येत नाही, एकदा घराण्याचं दुकान बदललं की बदललं.

पादचारी दिनाचा अनुभव सांगतो. गर्दी भरपूर होती. फोटो काढणारे, शाळेची मुलं, रस्त्यावर खेळ. माझ्या गादीवर त्या दिवशी फक्त दोन पार्ट्या बसल्या. एरवी डिसेंबरात सहा-सात तरी असतात.

हडपसर ते डेक्कन
मी रोज दुचाकीवरून लक्ष्मी रस्त्याने अलका चौकाकडे जातो. या रस्त्यावर खरेदी करणारे किती आणि माझ्यासारखे नुसते पार होणारे किती, याचा विचार करा. मी तिथे एक रुपयाही खर्च करत नाही. पण रस्ता बंद केलात तर मी हवेत विरून जाणार नाही, शेजारच्या गल्लीत शिरेन. शिवाजी रस्ता, बाजीराव रस्ता, लक्ष्मी रस्ता, सगळे एकेरी. एक दोरा ओढला की सगळी वीण ताणली जाते. आधी पर्यायी रस्ता दाखवा, मग बंद करा.

नारायणपेठकर
@हडपसर ते डेक्कन, तुम्ही स्वतःच सांगितलंत की तुम्ही नुसते पार होता. मग शहरातल्या सर्वांत दाट बाजारपेठेतून पार होणं हा तुमचा हक्क आणि तिथे चालणं ही माझ्या आईची जोखीम, हे वाटप कोणी केलं? देशभरात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यात ३२,८२५ पायी चालणारी होती. या आकड्यांकडे बघून मला दुचाकीवाल्याची दहा मिनिटं मोठी वाटत नाहीत.

@गादीवरचा, दादा, तुमचा मुद्दा मात्र मनाला लागला. पण तुमच्या बस्त्याच्या गाड्या आत्ता तरी दुकानासमोर उभ्या राहतात का? मी पाहते तेव्हा ड्रायव्हर माणसं उतरवतो आणि मंडईच्या वाहनतळाकडे जागा शोधत जातो. परत निघताना सगळे पिशव्या घेऊन पादपथावर ताटकळत फोनवर "कुठे आहेस?" विचारत असतात.

तिसरा मजला
मी बंद होणाऱ्या टप्प्यावरच राहतो. धागा वाचून वाटलं की रस्त्यावर दुकानं आहेत आणि वर आकाश आहे. मध्ये आम्ही आहोत!

वडील ८१ वर्षांचे आहेत, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. रिक्षा दारात यावी लागते. पादचारी दिनाला चौकातल्या स्वयंसेवकाने रिक्षा अडवली. त्याचा स्वभाव चांगला होता, पण त्याला कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. वडिलांना चौकापर्यंत प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मी आणि खालच्या दुकानातला मुलगा, दोघांनी उचलून नेलं. वाटेत लोक बाजूला होत होते, एकाने विचारलं की काही कार्यक्रम आहे का. त्या वेळी वडिलांचा चेहरा कसा झाला होता ते मी लिहू शकत नाही.

"रहिवासी सोडून" असं एका ओळीत लिहिणं सोपं आहे. रहिवाशाची रिक्षा त्याच्या नावावर नसते. गॅसच्या टाकीची गाडी, पाण्याचा टँकर, डबा आणणारा, सुतार, सगळे आमच्याकडेच येतात. त्यांचं काय?

नारायणपेठकर
हे मी लिहायला हवं होतं, सुचलं नाही. मनापासून माफी मागते. परवाना गाडीला नको, पत्त्याला हवा. त्या इमारतीत जाणारी रिक्षा, मग ती कोणाचीही असो, आत गेली पाहिजे. हे कागदावर ठरल्याशिवाय रस्ता बंद करा असं मी म्हणणार नाही.

रस्ताआखणी
पुण्याबाहेरचे दोन अनुभव सांगतो. दिल्लीत चांदणी चौक सप्टेंबर २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना बंद आहे, सायकलरिक्षा चालतात. चेन्नईत पाँडी बाजारात नोव्हेंबर २०१९ मध्ये वेगळी वाट धरली. वाहनं पूर्ण बंद केली नाहीत, रस्त्याची रुंदी कमी करून पादपथ ऐसपैस केले आणि जवळच बहुमजली वाहनतळ बांधलं. आपल्याकडे जंगली महाराज रस्त्यावर साधारण हाच विचार झाला. लक्ष्मी रस्त्यालाही तो लागू होतो असं माझं मत आहे. एक मार्गिका ठेवा, तीही बस, रिक्षा आणि रुग्णवाहिकेसाठी. रस्त्यावरचं पार्किंग पूर्ण काढा. बाकी सगळी जागा चालणाऱ्यांना द्या.

बसबद्दल या धाग्यात कोणी बोललंच नाही, याचं आश्चर्य वाटतं. पीएमपीएमएलच्या बस या रस्त्याने जातात. रस्ता सरसकट बंद केला तर स्वतःची गाडी नसलेल्या माणसाचा थांबा सर्वांत आधी लांब जातो.

गादीवरचा
चांदणी चौकात मी मालासाठी जातो. मधली फरशी सुंदर झाली आहे, खोटं कशाला बोलू. पण बंदीच्या वेळेत दुचाक्या शिरताना मी पाहिल्या आहेत आणि सायकलरिक्षांचीच कोंडी होते. शिवाय माल. आमचं पार्सल ट्रान्सपोर्टवाल्याकडून दुपारी येतं. सुरतेची गाठ चाळीस-पन्नास किलोची असते. ती हमाल पाठीवरून आणतो आणि त्याचंही वय झालं आहे. कोणी म्हणेल रात्री माल उतरवा, तर रात्री दुकान उघडं ठेवायला माणूस कुठला? आणि वर हे तिसऱ्या मजल्यावरचे झोपणार कधी?

तिसरा मजला
हे अगदी खरं. रात्री टेम्पोचा फाळका आपटल्याचा आवाज तिसऱ्या मजल्यावर कसा येतो ते या एकदा ऐकायला.

विसर्जनातला
मी मानाच्या मिरवणुकीत वीस वर्षं ढोल वाजवला आहे. अनंत चतुर्दशीला बेलबाग चौकापासून अलकापर्यंत हाच रस्ता दुसरा दिवस उजाडून जाईपर्यंत बंद असतो. तेव्हा हेच दुकानदार, हेच रहिवासी, हीच पेठ सगळं निभावते. रुग्णवाहिका आली की ढोल थांबतात, दोन मिनिटांत वाट होते. मिरवणुकीला जमतं, मग रोजच्या माणसाला का जमू नये?

तिसरा मजला
त्या दिवसाची आम्ही आठवडाभर तयारी करतो. वडिलांना आदल्या दिवशी बहिणीकडे कोथरूडला नेतो. ते रोज करता येणार नाही.

नारायणपेठकर
रस्ताआखणी यांचं पटलं. बस आणि रिक्षासाठी एक मार्गिका राहू द्या, मी माझी मागणी तेवढी मागे घेते. पार्किंग निघालं आणि पादपथ मोकळा झाला तर आई परत येईल.

मालाच्या वेळा सकाळी ११ च्या आत बसवायच्या. त्यासाठी दुकानदारांनी एकत्र येऊन ट्रान्सपोर्टवाल्यांशी बोलायला हवं, एकट्या दुकानदाराला ते दाद देणार नाहीत. बस्त्याच्या पिशव्या दुकानाच्या हातगाडीने वाहनतळावर पोचवायच्या, गिऱ्हाइकाने हात हलवत जायचं. २९ सप्टेंबर २०२४ पासून मंडईचं मेट्रो स्थानक सुरू आहे. पिंपरीकडून येणाऱ्याला आता गाडी आणायची गरज नाही. सासवडकरांना मेट्रो नाही, हे मान्य.

पण माझा खरा राग एक दिवसाच्या प्रकारावर आहे. व्यासपीठ, फुगे, भाषणं. त्या दिवशी दुकानदार म्हणतो धंदा पडला, कारण माणसं जत्रेला आली होती. चालणारा म्हणतो स्वर्ग, कारण तो नेहमीचा दिवस नव्हताच. कोणालाच काही कळत नाही. सलग एक महिना करा, बिनाव्यासपीठाचा. चौथ्या आठवड्यात रस्ता कसा दिसतो ते खरं.

गादीवरचा
महिना कोणता? दिवाळी आणि लग्नसराईत मी सही करणार नाही. आषाढात करा.

नारायणपेठकर
आषाढात पाऊस. छत्री सांभाळत कोण फिरणार? मग तुम्हीच म्हणाल, बघा, रस्ता ओस पडला. पौषात करू. लग्नं नसतात, हवा कोरडी असते.

गादीवरचा
पौषात माघातल्या लग्नांचे बस्ते सुरू होतात, पण संक्रांतीनंतर. पौषातले पहिले पंधरा दिवस चालतील. महिना नाही, पंधरा दिवस. मी वहीत रोज किती पार्ट्या बसल्या ते लिहून ठेवतो, मागच्या पौषाच्या वह्या माझ्याकडे आहेत. शेजारच्या चार दुकानांनाही विचारतो. आकडा पडला तर मात्र ताई, तुम्ही हा विषय सोडायचा.

नारायणपेठकर
पंधरा दिवस कमी आहेत. पण वह्या दाखवणार असाल तर कबूल.

तिसरा मजला
आमच्या वडिलांचे वार मंगळवार आणि शुक्रवार. सकाळी साडेसहाला जाणं, साडेअकराला परत. परतीची वेळ नेमकी बंदीत येते. चौकात जो कोणी उभा असेल त्याच्याकडे आमच्या इमारतीचं नाव आधी लिहून दिलेलं हवं. ते मी स्वतः नेऊन देतो, मला फक्त कोणाकडे द्यायचं ते कळवा.