मदत हवी आहे: पवन-सौर प्रकल्पांची एकेकाची वीजनिर्मिती कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. देशातल्या पवन आणि सौर प्रकल्पांची प्रकल्पनिहाय, महिनावार निर्मिती एका तक्त्यात आणतोय. जलविद्युतचं काम सोपं गेलं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या रोजच्या अहवालात १९६० मेगावॉटच्या कोयनेचे टप्पेसुद्धा वेगळ्या ओळींत दिसतात. पवन-सौरला मात्र राज्याची एकच बेरीज.

आंतरराज्य वाहिन्यांना जोडलेले बरेच प्रकल्प प्रादेशिक भार प्रेषण केंद्रांच्या (ग्रिडवरची विजेची आवक-जावक सांभाळणारी केंद्रं) अहवालांत सापडले, ते उतरवून झाले. घोडं अडलंय ते राज्याच्या ग्रिडवर. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारासारख्या ठिकाणी अनेक मालकांच्या पवनचक्क्यांची वीज एकाच उपकेंद्रात येते, मग कुणाची किती हे कसं कळणार? अक्षय ऊर्जा प्रमाणपत्रांवरून (ग्रिडला दिलेल्या दर १ मेगावॉट-तास अक्षय विजेमागे एक प्रमाणपत्र) अंदाज बांधून पाहिला, पण सगळे प्रकल्प त्यात नोंदलेलेच नाहीत.

छपरावरचं सौर नकोय. स्कॅन केलेली पीडीएफही चालेल, हाताने टंकायची तयारी आहे. विकतची माहिती परवडणार नाही.

महाराष्ट्रापुरतं तरी सांगा: माहिती अधिकारात प्रकल्पनिहाय मासिक मीटर वाचन राज्य भार प्रेषण केंद्राकडे मागायचं की महावितरणकडे? आणि कलम ८ दाखवून व्यापारी गोपनीयता म्हणून नाकारलं, तर अपिलात कुणाला ते मिळालंय का?